सत्तावीस वेळा हूं

सत्तावीस चुका, आणि सत्तावीसही एकच. तुंगाने मेल दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि मैसूरच्या भाषासंस्थेच्या वाचनालयात एकटीच फसकन हसली. समोरच्या टेबलावर पेपर वाचणाऱ्या निवृत्त गृहस्थांनी मान वर केली. शंभर तुकडे होते, प्रत्येक आठ सेकंदांचा. कानाला लावायचे आणि ऐकू येईल ते कन्नडात लिहायचं, बेंगळूरच्या एका कंपनीतल्या नोकरीसाठी एवढीच परीक्षा. नियमांचा कागद दीड पानी होता आणि तो तिने वाचला होता. नियम मुद्दाम मोडायचे असं काही ठरवलेलं नव्हतं. बोलणाऱ्याचे शब्द लिहावेत. खोकला, भांडी, कुत्री, पंखा, आणि समोरच्याचं ‘हूं’ आलं तर शब्द न लिहिता ‘गोंगाट’ अशी खूण करावी. तिने खोकल्यापुढे खूण केली, भांड्यांपुढे केली, एका तुकड्यात मागे कुणीतरी नारळ फोडत होतं त्याच्यापुढेही केली. हूं मात्र लिहिलं. एके ठिकाणी ऱ्हस्व, एके ठिकाणी लांबवून, एके ठिकाणी नाकातल्या नाकात विरलेलं, जसं होतं तसं. हात आपोआपच चालला असावा. पास व्हायला ऐंशी लागत होते, तिला त्र्याहत्तर मिळाले. कामाचा करार मार्चअखेर संपत होता आणि मार्चचे नऊ दिवस उरले होते, म्हणजे हसण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. पण मेलच्या खाली एक ओळ वेगळी लिहिली होती. ‘अक्का, हे काय? गुरुवारी अकरा वाजता बेंगळूरला या. आमच्या साहेबांना एकच चूक सत्तावीस वेळा करणारं माणूस बघायचंय. तुमचा रक्षित.’

रक्षित म्हणजे याच वाचनालयात तिच्या शेजारी बसून दोन वर्षं शब्दांच्या चिठ्ठ्या लावणारा, दुपारी तिच्या डब्यातलं चित्रान्न, लिंबाचा फोडणीचा भात, न विचारता खाणारा रक्षित. आता तो त्या कंपनीत बोलणारी यंत्रं बनवत होता. जाताना म्हणाला होता, “अक्का, इथे आपण मेलेल्या शब्दांना नावं ठेवतो. तिथे निदान जिवंत माणसं शिव्या देतात.” तेव्हा तिला राग आला होता. राग आला की तिचं लक्ष एखाद्या ध्वनीवर जातं, ही तिची जुनी खोड. ‘शिव्या’तला शकार त्याने किती कोवळा उच्चारला, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं. सहा सहा महिन्यांचे करार, दर करारावर पदाचं निराळं नाव, मधे पंधरा दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नव्याने रुजू व्हायचं, असं तिचं सतरा वर्षं चाललं होतं. तिच्या वडिलांना, अप्पांना, शेजारच्या जलजाक्षी कानाशी ओरडून विचारत, “तुमची तुंगा नेमकं करते तरी काय?” अप्पा म्हणत, “भाषेचं शास्त्र.” त्यावर जलजाक्षी हमखास, “हो का! मग किती भाषा येतात तिला?” अप्पा बोटं मोजल्यासारखं करून म्हणत, “बोलायला दोन. ऐकायला सगळ्या.”

गेल्या महिन्यात विद्यापीठाची मुलाखत झाली, तिथेही थोड्याफार फरकाने हेच. एक जागा, एक्केचाळीस उमेदवार, टेबलापलीकडे पाच गृहस्थ आणि त्यांच्यापुढे काजूच्या बश्या. एकाने तिचा प्रबंध उलटसुलट चाळला आणि बरोबर त्या पानावर बोट ठेवलं. “ही कथा अर्धीच कशी?” तिने खालची टीप वाचून दाखवली, ‘निवेदिकेने येथे कथन थांबवले.’ “का थांबवलं?” “माहीत नाही, सर.” सतरा वर्षांत तिने कुठल्याच कागदावर इतकं मोठं खोटं लिहिलं नव्हतं, आणि तोंडातूनही ते इतक्या सहज यावं याचं तिला बसमध्ये बसल्यावर आश्चर्य वाटत राहिलं. पुढे ती जागाच गोठवली गेली. गोठवली हा शब्दही तिला रंजकच वाटला. जणू जागा कुठेतरी बर्फात ठेवलेली आहे आणि ऊन पडलं की चालू लागेल.

केतम्माने, त्या निवेदिकेने, कथा थांबवली नव्हती. कोळ्ळेगालच्या पलीकडे डोंगरावरच्या त्या पाड्यात तुंगा बारा वर्षांपूर्वी रेकॉर्डर घेऊन गेली तेव्हा तिला शिकवलेलं एकच होतं, की आपला आवाज ध्वनिमुद्रणात येता कामा नये. आला तर ते साहित्य बाटलं. म्हणून तिने अंगणातली पोरं हाकलली, बायकांना हाताने गप्प केलं, कोंबड्या डालल्या आणि ओठांवर बोट ठेवून समोर बसली. केतम्मा हसली, पान थुंकली आणि सुरू झाली. सात भावांची एक बहीण, भाऊ मध काढायला उंच कड्यावर जाणारे, एके दिवशी बहीण म्हणते मी उतरते, कंबरेला वेलीचा दोर बांधते, खाली खाली जाते. केतम्मा थांबे. तुंगाकडे बघे. तुंगा ओठ मिटून, डोळे मोठे करून मान हलवी. केतम्मा पुन्हा सुरू होई, पण आवाज बसल्यासारखा. बायकांपैकी एकीच्या तोंडून ‘हूं’ निसटलं, तर तुंगाने तिच्याकडे वळून पाहिलं. वळून पाहिलं म्हणजे काय, रागानेच पाहिलं. मग दोर घासू लागला, वरून हाक आली, आणि केतम्मा मध्येच थबकली. “आहे का कुणी?” म्हणाली. अंगणात अकरा माणसं होती. “झोपलात सगळे,” असं पुटपुटून ती उठली आणि शेळ्या सोडायला गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, “कुठली कथा? ती तर गेली.” पावसाळ्यानंतर तुंगा पुन्हा वर गेली तेव्हा केतम्माच गेलेली होती. ध्वनिमुद्रण मात्र अगदी स्वच्छ होतं. तज्ज्ञांनी कौतुक केलं. त्यात केतम्माचा आवाज आणि ते एक निसटलेलं हूं सोडता काही म्हणजे काही नव्हतं, आणि तुंगाने ते जेव्हा जेव्हा ऐकलं तेव्हा तिला एक बाई खोल दरीत एकटी बोलते आहे असंच वाटलं.

कन्नड शब्दकोशात ‘हूंगुट्टु’ असं एक धड क्रियापद आहे, अर्थ ‘हूं म्हणत राहणे’. अख्खी एक ओळ आहे त्याला. इतक्या वर्षांत ती ओळ तिच्या नजरेखालून कितीदा तरी गेली असेल.

बुधवारी संध्याकाळी ती अप्पांना घेऊन रामोत्सवाच्या मांडवात गेली. या दिवसांत अप्पा दुसरीकडे कुठे नसतातच. भिजवलेल्या डाळीच्या कोसंबरीचा द्रोण गुडघ्यावर, गुळाच्या पानकाचा पेला पायाशी, पहिल्या रांगेतली डावीकडची तिसरी खुर्ची. रेशमाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभे राहिल्याने त्यांचे कान निवृत्तीच्या आधीच गेले, आता तर उजव्यात यंत्र घालूनही ढगांच्या गडगडाटाएवढंच ऐकू येतं. पण हरिकथा चुकवत नाहीत. कथा सांगणारे दास चिपळ्या वाजवत भरताच्या भेटीपर्यंत आले होते. स्वर चढवला, गिरकी घेतली, कथेत एक श्वासाएवढी जागा सोडली, आणि त्या जागेत अप्पांचं ‘हूं’ पडलं. अचूक. दास पुढे गेले. पुन्हा जागा, पुन्हा हूं. भरत पादुका मागतो तिथे हूं बारीक झालं, जवळजवळ हुंदक्यासारखं. शेजारी चांगल्या कानांची माणसं होती, त्यांची हूं कधी मागे पडत, कधी पुढे. अप्पांची एकदाही नाही. दासांचंही लक्ष घडीघडी त्याच खुर्चीकडे जात होतं, जसं गाडीवानाचं चाकाच्या कण्याकडे जावं. तुंगा कथा सोडून बापाकडेच बघत बसली. हा माणूस ऐकतोय कशाने? छातीकडे बघतोय? चिपळ्यांच्या हाताकडे? की कथा पाठ आहे म्हणून? पण पाठ असलेल्या माणसाचं हूं थोडं आधी पडतं, हे तिने त्याच क्षणी ओळखलं. आयुष्यभर ती भाषा शोधत हिंडली, आणि हे घरात होतं.

घरी परतताना तिने रिक्षात त्यांच्या तळहातावर बोटाने लिहिलं, तशी त्यांची पद्धत होती, ‘ऐकू येत नाही, तर हूं कसं?’ अप्पा मोठ्याने, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले, “अगं, मी ऐकायला कुठे जातो? दास सांगतात, त्यांना सोबत नको का?” आणि थोड्या वेळाने, “शिवाय पानक फार छान असतं.”

गुरुवारी सकाळच्या गाडीत ती हेच वाक्य उलटंपालटं करत राहिली. सोबत. म्हणजे अर्थ न कळताही हूं म्हणता येतं, आणि ते खोटं नसतं. मग तिने केतम्मासमोर म्हटलं असतं तर? तिला तरी त्या बोलीतलं निम्मंच कळत होतं. कळण्याची वाट बघत आपण गप्प बसलो, असं आहे का? बिडदीच्या पुढे गाडी उगाच थांबली. समोरच्या बाकावर एक बाई फोनवर कुणाची तरी कैफियत ऐकत होती. पाच मिनिटं तिच्या तोंडून हूंशिवाय काही बाहेर पडलं नाही, आणि तरी तिचं भांडण चाललं आहे, ती हरते आहे, मग जिंकते आहे, हे सगळं कळत होतं. तुंगाने वहीत काढून ठेवलं. उतरता, चढता, तुटका, पोटातला, नाकातला. नोकरी मागायला निघालेलं माणूस आपण, याची तिला आठवण राहिली नाही.

कंपनीच्या खोलीत टेबल गोल होतं आणि काजू नव्हते. रक्षितची दाढी वाढली होती. त्याचे साहेब अळगप्पन, चाळिशीतला शांत माणूस, कन्नड तमिळ वळणाचं पण प्रेमाने बोलणारा. “मेडम, मला वाटलं तुम्ही नियम वाचला नाही.”

“वाचला होता.”

“मग?”

“तो गोंगाट नाही सर. तो कथेचा निम्मा भाग आहे.”

रक्षितने कपाळाला हात लावला. “अक्का, इथे कथा नसते. लोक सरकारी खात्याला फोन करतात. रेशनकार्ड, दाखला, सातशे प्रकारची गाऱ्हाणी. आमचं यंत्र ऐकतं आणि उत्तर देतं. बस.”

“लोक बोलत असतात तेव्हा यंत्र काय करतं?”

“काय करणार? गप्प बसतं. ऐकतंय ना.”

“आणि लोक?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अळगप्पन हसू दाबत म्हणाला, “सांगून टाक रे.” रक्षितने सांगितलं, की दहातले चार फोन वाया जातात. माणूस दोन वाक्यं बोलतो आणि मग ‘हॅलो? हॅलो? आहे का कुणी?’ एवढंच करत राहतो, शेवटी वैतागून ठेवतो. दोन वर्षं त्यांना वाटत होतं की लाइनच खराब आहे. तारा बदलल्या, यंत्रं बदलली. तुंगाला एकदम शेळ्यांचा वास आला. तिने टेबलाची कड धरली आणि त्या दोघा परक्यांना, म्हणजे एका परक्याला आणि एका रक्षितला, केतम्माची सगळी हकीकत सांगितली. टिपेतलं वाक्य खोटं आहे हेसुद्धा सांगितलं. विद्यापीठाच्या पाच गृहस्थांपुढे जे तोंडातून निघालं नाही ते इथे सरळ निघालं. “तुमच्या यंत्राने माझीच चूक केली आहे,” ती म्हणाली.

“ती आम्ही सुधारली,” अळगप्पन म्हणाला. “मागच्या महिन्यात, थोड्याच फोनांवर. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही ज्याला सत्तावीस निरनिराळी रूपं दिलीत, त्याचं आम्ही एकच घातलंय. ऐका.”

आवाज म्हाताऱ्याचा होता, मंड्याकडचा, शेवट खाली टाकणारा. बायको वारली, कार्डावरचं तिचं नाव काढायचंय. यंत्राने बाईच्या गोड आवाजात म्हटलं, हूं. म्हातारा थांबला, आणि मग बांध फुटावा तसा बोलायला लागला. ती कशी गेली. नाव काढायला तीनदा निघालो आणि तीनदा वाटेतून परत आलो. तांदूळ अजून दोघांचा येतो, मी दोघांचाच शिजवतो, हात ऐकत नाही. हूं. ती नाचणीचे मुद्दे वळायची त्यात मीठ जास्त, सगळा गाव हसायचा. हूं. बेळ्ळिकट्टेत विचारा कुणालाही, गिरणीच्या मागचं घर, मरिगौडाची पुट्टतायम्मा म्हणजे कोण. हूं. हूं. शेवटी तो दमला, गप्प झाला, आणि बाईचा आवाज म्हणाला, ‘आपली तक्रार समजली नाही. मुख्य यादीसाठी एक दाबा.’

“अकरा मिनिटं!” अळगप्पन म्हणाला. “याआधी आमचा सगळ्यात लांब फोन चार मिनिटांचा होता. आता फक्त हूं योग्य जागी आणि योग्य सुरात पडायला हवं. ते तुम्ही करायचं. पगार रक्षितने सांगितलाय. सोमवारपर्यंत कळवा.”

“त्यांचं नाव निघालं कार्डावरून?”

“कुणाचं?”

“पुट्टतायम्मांचं.”

रक्षितने पडद्यावर पाहिलं. “नाही अक्का. तक्रार नोंदलीच नाही ना. पण ते आपलं काम नाही. ते खात्याचं.”

तिने विचारलं, अकरा मिनिटं पुन्हा ऐकू का? पुरी ऐकली, लिहूनही घेतली. अळगप्पनला ते काम सुरू केल्यासारखं वाटलं असावं, त्याने कॉफी पाठवली. तुंगाचं मन मात्र एकाच ठिकाणी अडकून बसलं होतं. अप्पा न ऐकता हूं म्हणतात. हे यंत्रही न ऐकता हूं म्हणतं. अप्पांचं खरं आणि याचं खोटं, हे मला नुसतं बापाच्या प्रेमाने वाटतंय, की खरोखर कुठे फरक आहे? असला तर कुठे? सुरात? जागेत? आयुष्यात पहिल्यांदाच तिला पगाराचा आकडा आवडला होता, अप्पांच्या कानाचं चांगलं यंत्र त्यात दोन महिन्यांत आलं असतं, आणि म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःला विचारायचं नव्हतं. ज्याला हूं मिळालं त्यालाच विचारायला हवं. तिने रक्षितला तसं सांगितलं. तो म्हणाला, “अक्का, असं कुणी करत नाही.”

“म्हणूनच तुम्ही दोन वर्षं तारा बदलत होतात.”

परतीच्या गाडीतून ती मद्दूरला उतरली. वडे घेतले, शेअर रिक्षा घेतली. बेळ्ळिकट्टेत गिरणी बंद होती पण तिच्या मागे घर होतं, ओट्यावर ऐंशीच्या घरातला एक काटक माणूस चिंचा फोडत बसला होता. दुपार कलती होती. तिने नाव सांगितलं, मैसूरची म्हणून सांगितलं, आणि आपण तुमचा तो फोन ऐकला असंही सांगून टाकलं. रागावले तर उठून जायचं. मरिगौडांनी चिंचेचा हात लुंगीला पुसला. “अकरा मिनिटं झाली म्हणता? मला वाटलं अर्धा तास. बसा. मठ्ठा घ्याल? मीठ मीच घालतो, बेताचं असतं.”

“अज्जा, एक विचारायला आलेय. पलीकडे कोण आहे असं वाटलं तुम्हाला?”

“यंत्र.”

“कळलं होतं?”

“तिसऱ्याच हूंला. मी मिठाची गंमत सांगितली, हूं म्हणालं. ती गेली म्हटलं, तेच हूं म्हणालं. माणूस असतं तर एकदा हसलं असतं, एकदा च्च केलं असतं.” ते डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होते, परीक्षा घेतल्यासारखे. “तुम्ही काय, त्या यंत्राच्या कोण?”

“अजून कुणी नाही. मग यंत्र आहे हे कळूनही बोललात?”

“बाई, पोरगा म्हणतो, अप्पा, तेच तेच सांगू नका. सून म्हणते, मामा, जेवून घ्या. गावातले सगळे तिला ओळखत होते, त्यांना काय सांगायचं? न ओळखणारं कुणीतरी हवं होतं. त्याने मधे तोंड घातलं नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.”

तुंगाला हलकं वाटलं. म्हणजे खोटं नव्हतं. सोमवार, पगार, कानाचं यंत्र, सगळं ओट्यावर येऊन बसल्यासारखं झालं. तिने मठ्ठ्याचा पेला उचलला.

“पण दुसऱ्या दिवशी वाईट झालं,” मरिगौडा म्हणाले.

“काय झालं?”

“पुन्हा लावला. म्हटलं, काल एवढं ऐकलंय, आता नाव काढायचं तेवढं पुरं करू, धीर आलाय. तर म्हणतं, ‘नमस्कार, आपलं नाव सांगा.’ अगं, म्हटलं, कालच सांगितलं! सगळं सांगितलं की तुला! तर पुन्हा तेच, आपलं नाव सांगा.” त्यांनी एक चिंच घेतली, फोडली नाही, तशीच ठेवली. “मी ठेवून दिला. यंत्राचा राग नाही. माझीच लाज वाटली. जणू मी काल काही बोललोच नव्हतो. जणू तीही नव्हती.”

ओट्यासमोरून एक म्हैस गेली, तिच्या गळ्यातलं लाकूड टकटक वाजत लांब गेलं. तुंगा गप्प होती, आणि या वेळी कुणी तिला गप्प बसायला शिकवलेलं नव्हतं. अप्पांची ती खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली. काल, परवा, गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी, डावीकडची तिसरी. दास मांडवात आले की आधी तिकडे बघतात आणि विचारतात, “काल कुठवर आलो होतो, रायरे?” आणि अप्पा सांगतात. कान नसलेला माणूस सांगतो. फरक सुरात नव्हता. जागेतही नव्हता.

तिने तिथूनच रक्षितला फोन लावला. “त्या हूंवाल्या लोकांचे दुसऱ्या दिवशीचे फोन बघितलेत?”

“दुसऱ्या दिवशीचे? ते कशाला?”

“बघ. मी धरते.”

तिने धरला. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा, कुणाशी तरी बोलल्याचा. बराच वेळ. मग रक्षितचा आवाज आला, त्यातली थट्टा गेलेली होती. “अक्का, पुष्कळ जणांनी लावलाय. जवळजवळ सगळ्यांनी. आणि नाव विचारलं की ठेवलाय. मग पुन्हा कधीच नाही. हे कुणी पाहिलंच नव्हतं.”

“आता ऐक. मला नोकरी हवीय, नाही म्हणत नाही. पण ज्याला काल काय सांगितलं ते आठवत नाही, त्याला मी हूं म्हणायला शिकवणार नाही. आधी ओळख ठेवायला शिकव. जिथे यंत्राला जमणार नाही तिथे माणूस बसव, दुसऱ्या दिवशी फोन करायला. नसेल जमत तर हूं काढून टाक, मग हॅलो हॅलो करू देत. साहेबांना सांग.”

“अक्का, अजून दोघांची नावं यादीत आहेत. त्या दोघांना त्र्याण्णव आणि पंच्याण्णव पडलेत.”

“माहीत आहे.”

“मार्च संपतोय तुमचा.”

“तेही माहीत आहे. सांग.”

तिने फोन ठेवला. मरिगौडांनी आतून कार्ड आणलं आणि तिने पिशवीतून कोरा कागद काढला, खात्याला लिहायचा अर्ज मांडायला घेतला. पुट्टतायम्माचं वय कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मरिगौडा म्हणाले, “पंचाहत्तर लिहा. रागावली तर बघू.” तिने पंचाहत्तर लिहिलं. अर्ज पुरा झाला, त्यांनी अंगठा उमटवला नाही, सही केली, संथ, प्रत्येक अक्षराला पाय देत, आणि कागद बराच वेळ हातातच धरून ठेवला. तिने घाई केली नाही. अर्ध्या तासाने फोन वाजला.

“साहेबांनी दुसऱ्या दिवशीचे चार फोन स्वतः ऐकले,” रक्षित म्हणाला. “चौथा पुरा नाही ऐकला. बाहेर जाऊन आले. म्हणतात, हूं उद्यापासून बंद. सहा महिन्यांत ओळख ठेवून दाखवा, तोवर दोन माणसं देतो फोन करायला. सोमवारी या. फक्त एक अडचण आहे. कागदावर पद लिहावं लागतं आणि यादीतलं एकही बसत नाहीये. भाषातज्ज्ञ लिहू?”

तुंगाने मरिगौडांकडे पाहिलं. त्यांनी अर्जाची घडी घातली होती आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवत होते. “नको,” ती म्हणाली. “ऐकणारी, असं लिही.”

“तसं पद नाहीये, अक्का.”

“मग घाल.”

पलीकडे कळा वाजल्या, चार-पाच, आणि थांबल्या. “ऐकणारी लिहू, की ऐकणारे?” रक्षितने विचारलं. “तुमच्यानंतरही माणसं लागतीलच ना.”